खान्देशातलं टीव्ही बघणं : ठरलेल्या वेळेपासून सवडीपर्यंत

टीव्हीवर जे जेव्हा लागेल ते तेव्हाच बघायचं ही सवय सुटून रेकॉर्ड केलेलं किंवा इंटरनेटवर ठेवलेलं आपल्या सवडीने बघायचं, हा बदल जगात साधारण १९७०च्या दशकाच्या मध्यापासून धरतात. खान्देशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, तो उशिरा आला आणि वेगळ्या वाटेने आला. मालेगाव नाशिक जिल्ह्यात मोडतं, पण बोलीने आणि बाजाराने ते खान्देशाला चिकटलेलं आहे आणि व्हिडिओचा विषय त्याच्याशिवाय पुरा होत नाही, म्हणून या नोंदीत तेही घेतलंय.

आधी थोडं तंत्राचं. टीव्ही स्टेशनवर चित्र टेपवर साठवायचं यंत्र अँपेक्स कंपनीने १९५६मध्ये अमेरिकेत बाजारात आणलं, त्यामुळे ज्याला आपण लाइव्ह टीव्हीचा जमाना म्हणतो त्यातही बरंचसं आधी रेकॉर्ड केलेलंच असायचं, लाइव्ह असायचं ते फक्त सगळ्यांनी एकाच वेळी बघणं. घरात रेकॉर्ड करायची सोय सोनीच्या बीटामॅक्सने १९७५मध्ये आणि जेव्हीसीच्या व्हीएचएसने १९७६मध्ये दिली. कार्यक्रमाची वेळ आपल्या सोयीने पुढे ढकलायची, ही कल्पना सोनीच्या अकिओ मोरितांनी लोकांच्या डोक्यात घातली असं मानतात. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी त्यावर कोर्टबाजी केली आणि १७ जानेवारी १९८४ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ अशा निकालाने घरगुती रेकॉर्डिंग कायदेशीर ठरवलं. पुढे १९९९मध्ये टिवो या अमेरिकी रेकॉर्डरने टेपच्या जागी हार्ड डिस्क आणली. हा सगळा इतिहास परदेशी पुस्तकांत ज्या क्रमाने सांगतात, म्हणजे आधी लाइव्ह, मग घरचं रेकॉर्डिंग, मग ऑन-डिमांड (मागू तेव्हा इंटरनेटवरून बघणं), तोच क्रम आपल्याकडचे लेखक जसाच्या तसा उचलतात, आणि खान्देशापुरता तरी तो बसत नाही.

दूरदर्शन दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ला प्रायोगिक सुरू झालं आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला, पण मुंबईचा सिग्नल सह्याद्री ओलांडून तापीच्या खोऱ्यात यायचा प्रश्नच नव्हता. १९७५-७६चा उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवायचा साइट प्रयोग सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत झाला, त्यात महाराष्ट्र नव्हता. इन्सॅट-१बी हा उपग्रह ३० ऑगस्ट १९८३ला सुटला आणि १९८४मध्ये देशभर छोटे, १०० वॅटचे ट्रान्समीटर भराभर उभे राहिले, तेव्हा रोज एक ट्रान्समीटर असं म्हटलं जायचं. जळगाव-धुळ्याकडे टीव्ही पसरला तो याच लाटेत किंवा तिच्या मागेपुढे, असं धरायला हरकत नाही. १०० वॅटचा पल्ला वीस-पंचवीस किलोमीटरचा, त्यापुढच्या गावांनी लांब पाइपावर अँटेना चढवला, बूस्टर लावला, आणि एकजण गच्चीवर पाइप फिरवतोय, दुसरा खालून ‘आलं आलं, गेलं, परत मागे घे’ ओरडतोय हा कार्यक्रम मुख्य कार्यक्रमाच्या आधी रोज व्हायचा.

रामायण मालिका २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ आणि मग २ ऑक्टोबर १९८८पासून महाभारत, या दोन मालिकांच्या रविवार सकाळी रस्ते ओस पडायचे हे सगळ्या देशाबद्दल सांगतात, ते इथेही खरं. इथली खास गोष्ट ट्रॅक्टरच्या बॅटरीची. तेव्हाचे छोटे ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबल सेट १२ व्होल्टवर चालायचे, मागे डीसीचं सॉकेट असायचं, त्यामुळे लाइट गेली की कुणाच्या तरी ट्रॅक्टरची बॅटरी उचलून ओट्यावर आणायची आणि दोन चिमटे लावून द्यायचे, पण लाल-काळा उलटा लागला तर सेटचा फ्यूज गेलाच म्हणून समजा, म्हणून ते काम गावातल्या एका ठरावीक माणसाकडेच असायचं. ठरलेली वेळ चुकू द्यायची नाही म्हणून माणसं काय काय करायची ते यातून दिसतं.

आता वादाचा मुद्दा, बदल नेमका कधीपासून धरायचा. एक मत १९८०च्या दशकातल्या व्हीसीआरपासून मोजतं. यंत्र आलं हे खरंच, १९८२च्या आशियाई खेळांच्या आसपास देशात व्हीसीआर यायला लागले आणि काही वर्षांत गणपतीत, लग्नाच्या आदल्या रात्री, पोराच्या वाढदिवसाला ‘व्हिडिओ लावायचा’ म्हणजे टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन पिक्चर बघायचे हा प्रकार खेड्यापाड्यात रुळला. पण त्यात टीव्हीवरचा कार्यक्रम रेकॉर्ड करून नंतर बघणं जवळपास नव्हतंच. एक तर भाड्याने मिळायचा किंवा पुढे घरात आला तो बऱ्याचदा व्हीसीपी, म्हणजे नुसता प्लेअर, ज्यात चॅनल पकडायचा ट्यूनरही नाही आणि रेकॉर्डचं बटणही नाही. दुसरं, खरा व्हीसीआर असला तरी टायमर लावून ठेवायचा आणि मधे लाइट गेली की घड्याळ बारावर जाऊन लुकलुकत बसायचं, सेटिंग गायब. तिसरं, कोरी कॅसेट महाग. घरात जपून ठेवलेली आणि पुन्हा पुन्हा बघितलेली कॅसेट कोणती असायची तर लग्नाची, त्यात दीड तास नुसत्या पंगती आणि आहेर, तरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती लावून दाखवायची. व्हीसीआरने इथे घरात थिएटर आणलं, टीव्हीच्या वेळापत्रकाला मात्र त्याने हातही लावला नाही. म्हणून हे मत मान्य करणं जड जातं.

दुसरं मत थेट ५ सप्टेंबर २०१६वर बोट ठेवतं, जिओ सुरू झाल्याचा दिवस. त्याआधी एका जीबीला दोनशे-अडीचशे रुपये जायचे, मग एकदम काही महिने डेटा फुकट आणि नंतरही स्वस्त. हे मत जास्त पटण्यासारखं आहे, पण लोक इतक्या पटकन तिकडे का वळले ते त्यातून कळत नाही.

ते कळायला मधली वीस-पंचवीस वर्षं बघावी लागतात आणि त्यात दोन गोष्टी येतात, केबल आणि भारनियमन. केबल १९९१-९२नंतर पसरली, झी टीव्ही २ ऑक्टोबर १९९२चा, केबलचा कायदा १९९५चा, मराठीत अल्फा मराठी १९९९ला आणि ईटीव्ही मराठी २०००ला. पण जुन्या लोकांना जास्त आठवतो तो केबलवाल्याचा स्वतःचा व्हिडिओ चॅनल. त्याच्या खोलीत एक व्हीसीपी, नंतर व्हीसीडी प्लेअर, त्यावरून दुपारी एक आणि रात्री एक पिक्चर, आणि फोन करून ‘भाऊ, उद्या अमुक पिक्चर लावा ना’ सांगितलं की बऱ्याचदा तो लावायचाही. मागाल ते मिळणं इथल्या माणसाने पहिल्यांदा बघितलं ते बहुतेक हेच, फक्त एकाने मागायचं आणि सगळ्या गल्लीने बघायचं. कॉपीराइटचं काय, हे तेव्हा कुणी विचारत नव्हतं.

भारनियमन जास्त महत्त्वाचं. साधारण २००५पासून सात-आठ वर्षं महाराष्ट्रात विजेचा तुटवडा सगळ्यात वाईट होता आणि ग्रामीण भागात दिवसाचे दहा-बारा तास लाइट नसणं ही रोजची गोष्ट होती. महावितरणने फीडरचे, म्हणजे गावांना वीज देणाऱ्या लाइनींचे, ए ते जी असे गट पाडले, जिथे गळती जास्त आणि बिलवसुली कमी तिथे भारनियमन जास्त, म्हणजे एकाच तालुक्यात एका गावाची मालिका चालू आणि शेजारच्या गावात अंधार. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र, त्याची धुराडी लांबून दिसतात, आणि त्या धुराड्यांच्या टप्प्यातल्या गावांतही ‘लाइट उनी का?’ (लाइट आली का?) हाच संध्याकाळचा प्रश्न. रात्री आठची मालिका ठरलेल्या वेळी दिसेल याची खात्री संपली. मग बायका दुसऱ्या दिवशी दुपारचं पुनःप्रक्षेपण बघू लागल्या, रविवारचा महाएपिसोड बघू लागल्या, नाहीतर ज्यांच्याकडे लाइट होती त्यांच्याकडून कथा ऐकून घ्यायच्या. कार्यक्रम एक वेळ नक्की चुकणार आणि दुसऱ्या वेळी गाठायचा, हे मनात धरून बघणं इथे मोबाइलच्या आधीच सुरू झालं होतं.

आणि याच कारणाने घरच्या रेकॉर्डिंगची पायरी इथे जवळपास गळाली, हा मुद्दा फारसा कुणी मांडत नाही पण तांत्रिकदृष्ट्या सरळ आहे. व्हीसीआर काय, टाटा स्कायने २००८मध्ये आणलेला रेकॉर्डिंगवाला बॉक्स काय, किंवा फ्री डिशच्या, म्हणजे दूरदर्शनच्या फुकट डीटीएचच्या, स्वस्त बॉक्सला पेन ड्राइव्ह लावून करायचं रेकॉर्डिंग काय, या सगळ्यांना कार्यक्रम लागतो त्या घटकेला घरात लाइट पाहिजे. जिथे अडचणच आठ वाजता लाइट नसण्याची, तिथे आठचं रेकॉर्ड करणारं यंत्र घेऊन करणार काय. ऑन-डिमांडमध्ये साठवण दुसरीकडे कुठेतरी असते, टॉवरला बॅटरी किंवा जनरेटर असतो, फोन दुपारी लाइट असताना चार्ज केलेला असतो, म्हणून ते चाललं. इन्व्हर्टर घेतलेल्या घरांत चित्र थोडं वेगळं होतं, आणि शहरांत डिशचे रेकॉर्डिंग बॉक्स वापरणारे होतेच, पण एकूणात लाइव्हवरून उडी थेट मोबाइलवर पडली असं म्हणणं जास्त बरोबर.

मधे एक छोटा टप्पा मेमरी कार्डाचा. मोबाइलच्या दुकानात, बसस्टँडजवळच्या टपरीवर दहा-वीस रुपयांत ‘कार्ड भरून’ मिळायचं, कॉम्प्युटरवर फोल्डर लावलेले, हिंदी, मराठी, अहिराणी, भक्ती, कॉमेडी, दुकानदार विचारायचा किती जीबीचं आहे आणि बसेल तितकं कोंबून द्यायचा. यात मालेगावची विनोदी व्हिडिओ भरपूर असायची. मालेगावात यंत्रमागावर काम करणाऱ्या लोकांनी स्वतःच्या गावात, स्वतःच्या बोलीत पिक्चर काढायला सुरुवात केली ती २०००च्या आसपास, ती आधी तिथल्या व्हिडिओ पार्लरमध्ये चालली, मग सीडीवर, मग कार्डात आणि शेवटी यूट्यूबवर, जिथे त्यांना खान्देशाबाहेरचे कोट्यवधी प्रेक्षक मिळाले. खान्देशच्या अहिराणी बोलीतल्या गाण्यांचंही तसंच. टीव्हीच्या कुठल्याही मोठ्या चॅनलने अहिराणीला रोजची ठरलेली वेळ कधी दिली नाही, त्यामुळे कानबाईची, म्हणजे खान्देशातल्या लोकदेवीची, गाणी आणि लग्नातली नाचायची गाणी ठरलेल्या वेळेच्या टीव्हीत आलीच नाहीत, ती जन्मापासून सवडीने बघायचीच राहिली. ऑन-डिमांडमुळे टीव्ही मागे पडला हे बाकीच्यांसाठी ठीक, अहिराणी बोलणाऱ्याला मात्र त्याच्या बोलीतलं काही पडद्यावर रोज दिसायला लागलं ते यामुळेच.

शेतीपंपाच्या लाइटचाही इथे हात आहे. थ्री फेज लाइट चक्राकार, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, त्यामुळे रावेर-यावलच्या केळीला किंवा चोपड्याच्या कापसाला पाणी द्यायला माणूस रात्री मळ्यात. पूर्वी सोबतीला रेडिओ असायचा, जळगाव आकाशवाणी किंवा विविध भारती. आता मोटर चालू करून खाटेवर बसायचं, फोन खांबाला टेकवायचा आणि घरच्यांनी आठला बघितलेला भाग बारा वाजता बघायचा, पाण्याची पाळी बदलायची वेळ झाली की तिथेच थांबवून उठायचं. कार्यक्रम मधेच थांबवता येणं ही शहरातल्या माणसाला चैन वाटते, बारं देणाऱ्याला, म्हणजे पिकाला पाणी देणाऱ्याला, ती गरजेची सोय आहे.

सातपुड्यातलं चित्र वेगळं आहे. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर केबल गेली नाही, तिथे टीव्ही आला तो मुख्यतः छत्रीवर, म्हणजे दूरदर्शनच्या डिसेंबर २००४मध्ये सुरू झालेल्या फुकट डीटीएचवर, सोबत सोलरची प्लेट. मोबाइलला रेंज टेकडीवर गेलं तरच, त्यामुळे व्हिडिओ डाऊनलोड करून आणायचा आणि खाली पाड्यावर सगळ्यांनी बघायचा ही पद्धत. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये शाळेचे पाठ सह्याद्री वाहिनीवर ठरलेल्या वेळी लागायचे तेव्हा या भागात फोनपेक्षा छत्रीच कामाला आली. त्याच लॉकडाऊनमध्ये २८ मार्च २०२०पासून दूरदर्शनने रामायण परत दाखवलं आणि फोन हातात असलेली माणसंही सकाळी नऊला टीव्हीसमोर बसली, हा अपवाद नोंदवण्यासारखा.

लाइव्ह म्हणून आज जे टिकलंय त्यात क्रिकेट आणि निवडणुकीची मतमोजणी, बाकी फार नाही. क्रिकेटही आता फोनवर, पण मोबाइलवरचं चित्र डिशच्या मागे काही सेकंद ते अर्धा मिनिट असतं, म्हणून शेजारच्या घरात आधी आरडाओरडा होतो आणि मग आपल्याकडे सिक्स जातो, याला वैतागून काही पोरं मॅचपुरतं डिशचं रिचार्ज मारतात.

केबलवाल्याचं काय झालं तर तो संपला नाही. २०१५ ते २०१७च्या दरम्यान छोट्या शहरांत आणि गावांत सेट-टॉप बॉक्सची सक्ती आली, मुदती वाढत गेल्या, त्याचा व्हिडिओ चॅनल बहुतेक ठिकाणी त्यातच बंद पडला. आज तोच माणूस जुन्या खांबांवरून फायबर ओढून इंटरनेट देतो आणि महिन्याच्या बिलात दोन-चार ओटीटी ॲप जोडून देतो. घरातली लाइट गेली की राउटर बंद पडतो आणि माणूस परत फोनच्या डेटावर येतो.