ओल्या ओकचं घर

इंग्लंडच्या केंट परगण्यात बाउ बीच जलाशय होणार होता, त्यात 'बे-लीफ' हे पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं शेतघर बुडालं असतं. 1960 च्या दशकाच्या अखेरीस ते उकलून काढलं आणि ससेक्समधल्या सिंगलटनच्या संग्रहालयात पुन्हा उभारलं. हे जमलं, कारण अशा घराचा ओक या कठीण लाकडाचा सांगाडा लाकडी खुंट्यांवर पेललेला असतो.

ओक तोडला की ओलाच वापरत. वाळल्यावर तो हत्याराला दाद देत नाही. सुतार आपल्या कामाच्या अंगणातच जमिनीवर चौकट मांडून सांधे बसवत, प्रत्येक तुकड्यावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरत, मग सुटं करून जागेवर नेत.

खरी करामत खुंटीची. खाचेच्या लाकडात एक भोक, तिच्यात शिरणाऱ्या कुशीत (दुसऱ्या लाकडाच्या टोकाला काढलेल्या जिभेत) दुसरं, पण मुद्दाम दोनतीन मिलिमीटर खांद्याकडे, म्हणजे जीभ जिथून सुरू होते तिकडे, सरकवलेलं. वाळक्या ओकची निमुळती खुंटी ठोकली की ती वाकत आत जाते आणि सांधा आवळून धरते. ओक पुढे आडवा आकसतो, लांबीत जवळपास नाहीच, त्यामुळे हा ताण कामी येतो. फरक जास्त झाला तर खुंटी मोडते किंवा कुशीचं टोक फाटतं. लोखंडी खिळा मात्र ओकमधल्या टॅनिन या तुरट द्रव्याने गंजतो आणि निळेकाळे डाग पाडतो.

चौकटींमधल्या जागा कुडाने भरत: ओकच्या उभ्या पट्ट्या, त्यांत विणलेल्या हेझल या झुडपाच्या फांद्या, वर चिकणमाती, चिरलेला पेंढा आणि शेण, शेवटी चुना. कोकणातल्या कारवीच्या कुडाची ही जवळची नातलगच.

मधलं दालन छपरापर्यंत मोकळं, चूल जमिनीवर, धुराडं नाही. सोळाव्या शतकापासून अशा घरांत धुराडी आली आणि दालनात माळे पडले. आज माळ्यावर काजळलेले वासे दिसले, तर खाली पूर्वी मोकळं दालन होतं असं बहुधा समजावं.

बिघडतं ते बहुतेकदा नंतरच्या दुरुस्तीने. कूड काढून सिमेंटचा गिलावा केला की लाकूड आणि गिलावा यांच्यातल्या केसाएवढ्या फटीतून पाऊस शिरतो, पण सुकून बाहेर पडत नाही. पाणी खाली उतरतं आणि जोत्यावरची आडवी तुळई आधी कुजते. बुरशीने मऊ झालेल्या ओकमध्ये मग डेथवॉच भुंगेऱ्याच्या अळ्या वर्षानुवर्षं पोखरत राहतात. नुसतं कीटकनाशक मारणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी ओल थांबवायला हवी. सिमेंट उतरवून चुना लावायचा, जोत्याला टेकलेली माती खाली काढायची. खांबाचा तळ कुजला असेल तर तेवढाच कापून नवा ओक तिरक्या सांध्याने जोडायचा, अख्खा खांब बदलायची गरज क्वचितच पडते. वाळताना पडलेल्या लांबट भेगा सहसा निरुपद्रवी असतात. त्यांत सिलिकॉन भरू नये, तेही पाणी अडवतं.

काळ्या तुळया आणि पांढऱ्या भिंती ही पर्यटकांची आवड बरीचशी एकोणिसाव्या शतकातली फॅशन. दक्षिणेकडे ओक पुष्कळदा रंगाविना राहायचा, नाहीतर भिंतीबरोबर त्यावरही चुना फिरायचा.