पत्रा, पाव मिलिमीटर आणि डिकीतला पंख

आलिशान कूपे, म्हणजे दोन दारांची, उतरत्या छपराची गाडी, वेगवान करायची म्हटली की बहुतेकांचा हात आधी इंजिनाकडे जातो. मोठं इंजिन, टर्बो, वेगळा सायलेन्सर. म्युनिकच्या बीएमडब्ल्यूने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आपली सर्वांत देखणी कूपे शर्यतीसाठी घडवायला घेतली, तेव्हा इंजिनाला सुरुवातीला जवळजवळ हातच लावला नाही. त्यांनी आधी गाडीचं वजन उतरवलं. त्यातून बनलेली ३.० सीएसएल १९७३ साली युरोपियन टुरिंग कार अजिंक्यपदाची मानकरी ठरली आणि मग १९७५ ते १९७९ अशी सलग पाच वर्षं ते पद तिच्याकडेच राहिलं. गाडी वेगवान कशामुळे होते, हे शिकायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही.

मूळ गाडी होती ३.० सीएस. लांब बोनेट, बारीक खांबांवर तोललेलं छप्पर, दोन दारं, आत लाकूड आणि उंची गाद्या. बॉडी कारमान या दुसऱ्या कंपनीच्या कारखान्यात बनायची. एका ओळीत सहा सिलिंडरचं इंजिन १८० अश्वशक्ती द्यायचं आणि गाडीचं वजन भरायचं सुमारे १४०० किलो. लांबच्या प्रवासाला झकास, पण १९७१ आणि १९७२ या दोन्ही वर्षी अजिंक्यपद फोर्डच्या छोट्या, हलक्या काप्रीने नेलं होतं. मे १९७२ मध्ये बीएमडब्ल्यूने शर्यतींसाठी स्वतंत्र कंपनी काढली आणि तिची सूत्रं दिली फोर्डचाच शर्यत विभाग सांभाळून आलेल्या योखन नेअरपाश यांच्याकडे. काप्री का जिंकते, हे त्यांना आतून ठाऊक होतं.

नियम असा होता की शर्यतीत उतरवायची गाडी किमान एक हजार नगांत बनलेली हवी. म्हणजे हलकेपणाचे सगळे उपाय शोरूममधल्या गाडीतच करायचे आणि ती गाडी गिऱ्हाइकाला विकायची. पुढे एकूण १२६५ सीएसएल बनल्या.

मग एकेक वस्तू निघत गेली. आवाज अडवणारे थर काढले. काच खालीवर करणाऱ्या मोटारी गेल्या. बाजूच्या खिडक्यांना ॲक्रिलिक बसलं, स्टीलचा पत्रा जिथे शक्य तिथे पातळ झाला. दारं, बोनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं झालं.

इथे ॲल्युमिनियमबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण ‘हलका धातू म्हणून वापरला’ एवढ्याने त्यातली गंमत कळत नाही. ॲल्युमिनियमची घनता स्टीलच्या साधारण एक तृतीयांश असते. पण त्याचा ताठपणाही एक तृतीयांशच असतो. मग फायदा काय झाला? तेवढ्याच जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने दाबला तर तिप्पट वाकेल. खरी मेख जाडीत आहे. सपाट पत्र्याचा वाकायला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. पत्रा फक्त १.४४ पट जाड केला की त्याचा घन तीन होतो आणि गेलेला ताठपणा भरून निघतो. वजन मात्र स्टीलच्या निम्मंच राहतं. बोनेट, दार, डिकीचं झाकण हे सगळे मोठे सपाट भाग, म्हणून हा हिशेब तिथे नेमका लागू पडतो. खांब आणि चासी (गाडीचा खालचा सांगाडा) यांच्यावर ओढ-दाब वेगळ्या तऱ्हेने येतो, तिथे स्टीलच ठेवलं.

या फायद्याची किंमतही होती. ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना टेकले आणि मध्ये खारट ओल शिरली, की त्या जागी विजेची छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागतं. युरोपात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ज्यांनी या गाड्या पुढे जपल्या, त्यांना दाराच्या कडांशी हा झगडा करावाच लागला.

सगळं मिळून सुमारे दोनशे किलो उतरले. आता हिशेब बघा. १४०० किलोला १८० अश्वशक्ती म्हणजे प्रत्येक अश्वशक्तीवर ७.८ किलोंचा भार. १२०० किलोला तो ६.७ वर येतो. वजन तेवढंच ठेवून हाच पिकअप मिळवायचा, तर इंजिनातून आणखी ३० अश्वशक्ती काढाव्या लागल्या असत्या. पण त्या ३० अश्वशक्ती फक्त वेग घेताना कामी येतात. उतरलेलं वजन ब्रेक दाबतानाही उपयोगी पडतं आणि वळतानाही. ताशी २०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या दोनशे किलोंमध्ये सुमारे तीन लाख ज्यूल ऊर्जा असते. त्यात लिटरभर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीला येईल. गाडी थांबवायची तर ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते, आणि शर्यतीत ते दर वळणाआधी घडतं. म्हणून हलक्या गाडीचे ब्रेक शेवटच्या तासातही शाबूत राहतात.

एका बाबतीत मात्र हलकेपणाचा फारसा उपयोग नाही, तेही सांगितलं पाहिजे. सरळ रस्त्यावरचा कमाल वेग वजनाने जवळपास बदलत नाही. तिथे भांडण हवेशी असतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाने. ताशी २०० वरून २५० वर जायचं तर जवळपास दुप्पट शक्ती हवी. तेव्हा इंजिनाची पाळी आलीच.

सिलिंडर आतून कोरून रुंद करणं, आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याला बोअर करणं म्हणतात, तेच म्युनिकला केलं, पण किती थोडं! मूळ सिलिंडरचा व्यास ८९ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टन वरखाली सरकतो ते अंतर) ८० मिलिमीटर. सहा सिलिंडरचं आकारमान २९८५ घन सेंटिमीटर. व्यास पाव मिलिमीटरने वाढवून ८९.२५ केला आणि आकारमान झालं ३००३. अठरा घन सेंटिमीटरने गाडीच्या शक्तीत काय फरक पडणार? पण गाडी तीन लिटरच्या वरच्या गटात गेली आणि तिथे शर्यतीच्या इंजिनाचं आकारमान आणखी वाढवायची मुभा मिळाली. १९७३ मध्ये स्ट्रोक ८४ मिलिमीटर केला, आकारमान ३१५३ झालं आणि रस्त्यावरची गाडी २०६ अश्वशक्ती देऊ लागली.

शर्यतीसाठी पुढे साडेतीन लिटरचं इंजिन आलं, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) असलेलं. इंजिनाची शक्ती शेवटी दर मिनिटाला ते किती हवा आत घेतं यावर ठरते. दोन मोठ्या व्हॉल्व्हऐवजी चार लहान बसवले की सिलिंडरच्या त्याच गोल डोक्यावर हवेला जास्त वाट मिळते, शिवाय प्रत्येक व्हॉल्व्ह हलका असल्याने जास्त फेऱ्यांनाही तो वेळेवर मिटतो. एका ओळीतल्या सहा सिलिंडरचा स्वभावही मदतीला होता. पुढचे तीन पिस्टन मागच्या तिघांचं प्रतिबिंब असल्यासारखे हलतात, त्यामुळे त्यांचे हादरे एकमेकांना छाटून टाकतात. जास्त फेऱ्यांना हे इंजिन कमी थरथरतं ते यामुळेच. चारशेच्या वर अश्वशक्ती देणारं हे इंजिन घेऊन सीएसएलने १९७५ साली अमेरिकेत सेब्रिंगची बारा तासांची शर्यत जिंकली.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो मात्र हवेचा भाग. कूपेचं छप्पर मागे उतरत जातं. त्यावरून हवा वेगाने वाहते, तिथला दाब कमी होतो आणि गाडीचा मागचा भाग वर उचलला जाऊ लागतो. शहरात हे जाणवतही नाही. पण हे बलही वेगाच्या वर्गानेच वाढतं. ताशी १०० ला जेवढं, त्याच्या चौपट २०० ला. लांब, वेगवान वळणावर मागची चाकं नेमकी तेव्हा हलकी होतात जेव्हा त्यांची पकड सर्वांत जास्त हवी असते.

उपाय म्हणून पवनबोगद्यात, म्हणजे गाडी उभी ठेवून तिच्यावर जोराचा वारा सोडतात अशा बोगद्यात, चाचण्या घेऊन पुढच्या बंपरखाली खोल ओठ, मडगार्डांवर दोन उभ्या पट्ट्या, छपराच्या मागच्या कडेला एक आडवी पट्टी आणि डिकीवर मोठा पंख असा संच बनवला. छपरावरची पट्टी हवेला पंखाकडे वळवते, पंख तिला वर ढकलतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून गाडी खाली दाबली जाते. यातली खुबी अशी की टायरवर भार वाढला की पकड वाढते, पण तो भार गाडीच्या वजनातून आला तर वळताना तेवढं जास्त वस्तुमानही वळवावं लागतं. टायरची पकड भाराच्या मानाने थोडी कमीच वाढते, त्यामुळे जड गाडी तोट्यात जाते. पंखाने दिलेला दाब मात्र टायरला मिळतो आणि वस्तुमान जिथल्या तिथे राहतं. फुकट तोही नाही, सरळ रस्त्यावर पंख हवा अडवतोच. पण जिथे वळणांमागून वळणं येतात, त्या जर्मनीतल्या नुरबर्गरिंगच्या शर्यतमार्गावर तो सौदा परवडला. जुलै १९७३ मध्ये तिथली सहा तासांची शर्यत हान्स-योआकिम श्टुक आणि क्रिस एमन यांनी पंखवाल्या सीएसएलने जिंकली.

जर्मनीच्या रस्त्यावर त्या पंखाला परवानगी नव्हती. म्हणून कारखान्याने पंख न बसवता डिकीत ठेवून गाडी विकली. बसवायचं काम मालकावर सोडलं. आपल्याकडे मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निर्णय पाहता, मूळ नोंदीपेक्षा गाडी वेगळी करणाऱ्यालाही आरटीओची चिंता असतेच. गाडीच्या मूळ रचनेत बदल करू न देणारा तो नियम मला जाचक वाटत नाही. चुकीच्या कोनात बसवलेला पंख एका टोकाला दाबतो आणि दुसरं टोक हलकं करतो. पवनबोगद्याशिवाय ते कळणार कसं?

नुसत्या शक्तीची वाटही बीएमडब्ल्यूने चालून पाहिली. १९७६ साली दोन टर्बो लावलेल्या सीएसएलमधून ७५० अश्वशक्तीच्या आसपास शक्ती काढली. चित्रकार फ्रँक स्टेला यांनी आलेखाच्या कागदासारख्या काळ्या-पांढऱ्या रेघांनी रंगवलेली गाडी ती हीच. फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत ती शेवटापर्यंत टिकली नाही. एवढा जोर आला की क्लच, गिअर, ॲक्सल, ब्रेक अशा प्रत्येक दुव्यावर तो येतो, आणि ते सगळे १८० अश्वशक्तीच्या कूपेचे वंशज होते.

२०२२ मध्ये कंपनीने हेच नाव घेऊन नवी ३.० सीएसएल काढली, फक्त पन्नास. आताही एका ओळीत सहा सिलिंडर, ५६० अश्वशक्ती, हाताने बदलायचे सहा गिअर. मागची सीट काढली, कार्बन फायबर सढळ हाताने वापरलं, तरी वजन १६२४ किलो. टक्कर झाली तर माणूस वाचावा यासाठी आज जे लागतं, त्यात यातले बरेच किलो जातात आणि ते जायलाच हवेत. प्रत्येक अश्वशक्तीवर २.९ किलो, म्हणजे पिकअपच्या हिशेबात जुनी गाडी आसपासही नाही. पण एवढं वस्तुमान थांबवायला तिला कार्बन-सिरॅमिक डिस्क लावाव्या लागल्या, आणि वळणात ते धरून ठेवायला खास तिच्यासाठी बनवलेले टायर.