भट्टी दुसऱ्याची, नानकटाई आपली

आईच्या पाककृतींच्या वहीत नानकटाईचं एक पान आहे. मैदा, तूप, पिठीसाखर, थोडं बेसन, वेलची, जायफळ. तूप-साखर पांढरीशुभ्र होईपर्यंत हाताने फेसायची, मग त्यात मैदा. इथवर सगळं तपशीलवार लिहिलंय आणि शेवटची ओळ एवढीच: ‘भाजणे : बेकरीत.’

दिवाळीचा फराळ आठवून बघा. चकली, करंजी, शंकरपाळे, अनारसे, सगळे कढईतले. लाडूचं बेसन भाजायचं तेही कढईतच. चूल होती, शेगडी होती, पण चहूबाजूंनी आच देणारी बंद भट्टी मराठी घरात कधीच नव्हती. आपल्या भाषेतही ते दिसतं. शेंगदाणे भाजतात, वांगं भाजतात, विटा भाजतात आणि केकही भाजतात. बेकिंगसाठी वेगळा शब्द घडवायची गरज कुणाला पडली नाही.

ती भट्टी समुद्रामार्गे आली. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यांच्या ‘पांव’चा आपण पाव केला. यीस्ट नव्हतं तेव्हा पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे नारळाच्या झाडाची ताडी, कामाला आली. पाव भाजणारे ते पोदेर. नाताळात गोव्यात शेजारीपाजारी वाटतात त्या फराळाच्या ताटात ही सरमिसळ आजही दिसते. त्यातली नेवरी म्हणजे आपली करंजीच, हिंदू घरांत ती चतुर्थीला होते. कलकलं तळलेली, दोदोल ढवळून ढवळून आटवलेला. भट्टीची खरी देणगी म्हणजे बोलिन्यास ही खोबऱ्याची बिस्किटं, बाथ हा रवा-नारळाचा केक आणि थराथरांचं बेबिंक.

बेबिंक म्हणजे आगीशी घातलेला वाद आहे. अंड्यांचे बलक, नारळाचं दूध, साखर, थोडा मैदा यांचं सरसरीत मिश्रण. भांड्यात तूप सोडून एक पळीभर घालायचं आणि वर निखाऱ्यांचं झाकण ठेवायचं. थराचा वरचा भाग खरपूस झाला की झाकण उचला, पुन्हा तूप, पुन्हा एक पळी. प्रत्येक थराला आच वरून हवी, कारण खालून दिली तर शेवटचा थर होईपर्यंत पहिल्याचा कोळसा होईल. सात थर तरी हवेतच, हौशी लोक सोळापर्यंत जातात. म्हणजे अख्खी दुपार झाकण उचलण्यात. हा पदार्थ बेबियाना नावाच्या जोगिणीने जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात शोधला, अशी दंतकथा आहे. बेबियानाचं काय ते असो, बलकांचं गणित मात्र पटतं. पोर्तुगालमध्ये मठांतले कपडे अंड्याच्या पांढऱ्याने कडक करत, मग उरलेल्या बलकांचं काहीतरी गोड व्हायचंच. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकला भौगोलिक मानांकनही मिळालं.

नानकटाईची वाट सुरतेहून आली. तिथे डचांची वखार होती आणि त्यांच्यासाठी पाव भाजणारी बेकरीही. डच निघून गेल्यावर ती फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी कारागिराकडे आली, असं सांगतात. अंडी आणि ताडी घातलेल्या मालाला गावातलं गिऱ्हाईक शिवेना, म्हणून त्याने दोन्ही काढून टाकलं आणि तुपावर भागवलं. ही कथा शब्दशः खरी धरू नका. पण बिनअंड्याची, म्हणून सणाला चालणारी नानकटाई आपल्या स्वयंपाकघरात का सहज खपली, ते यातून कळतं. त्यातला ‘नान’ म्हणजे फारसीतली रोटी.

आता पुन्हा त्या वहीतल्या ओळीकडे. दिवाळीच्या आधी घरोघरच्या बायका तूप-साखरेचे डबे घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत जायच्या. बेकरीवाला काळेकुट्ट पत्रे द्यायचा, त्यांवर गोळे मांडायचे, आपला पत्रा ओळखू यावा म्हणून नावाची चिठ्ठी लावायची आणि बाकावर बसून राहायचं. वेळ नेहमी दुपारची. त्यामागे शहाणपण होतं. लाकडाची भट्टी पहाटे पावासाठी कडकडीत तापलेली असते, त्या आचेत नानकटाई बाहेरून करपेल आणि आत कच्ची राहील. पाव निघाले, विटांची धग उतरली, की मग तुपाच्या मालाची पाळी. कुणी तापमान मोजत नसे. भट्टीच्या तोंडाशी हात धरून अंदाज घेतला जाई.

पुण्यात हाच सणाचा हात पुढे श्रुजबेरीवर गेला. इंग्लंडमधल्या श्रूजबरी या गावाचं बिस्किट, ते कॅम्पातल्या इराणी बेकऱ्यांनी आपलं केलं. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ची. नाताळचा काळा प्लम केक मात्र केरळातून सांगायला हवा. थलश्शेरीच्या मांबळ्ळी बापूने १८८३ साली मर्डॉक ब्राऊन या मळेवाल्याने दाखवलेला विलायती केक चाखून तसाच करून दाखवला, तोही स्थानिक दारू घालून.

घरात ओव्हन आला तो आधी काचेच्या खिडकीचा गोल ॲल्युमिनियमचा डबा म्हणून, किंवा कढईत वाळू तापवून. मग ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) आला आणि प्रयोग सुरू झाले. सगळे जमत नाहीत. बेक केलेली चकली मला मान्य नाही. तिचा कुरकुरीतपणा गरम तेलात पाणी झपकन उडून जाण्यातून येतो. ओव्हनमध्ये ती नुसती वाळते आणि दाताला लागते. शंकरपाळे चालतात, त्यांत मोहन भरपूर असतं. साट्याची करंजी तर ओव्हनमध्ये खारीसारखे पदर उलगडते, तळलेलीपेक्षा सुरेख. नाचणीची नानकटाईही फसत नाही, कारण नानकटाईला पिठाचा चिकटपणा मुळातच नको असतो. मैदा घालूनही आपण तो कमी मळतो, तो त्यासाठीच.

जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. हवेचा विचार केला तर तक्रारीला जागा नाही. गॅसच्या भट्टीला उतरती दुपार नसते, इतकंच. कळ फिरवली की हवी ती आच.

गेल्या दिवाळीत मी ‘बेकरीत’ या शब्दापुढे पेन्सिलीने लिहिलं : १६० अंश, २० मिनिटं. आईने ते वाचलं आणि विचारलं, “आणि हात कुठे धरायचा?”