परकीय हस्तक्षेप, निवडणुकीतील (आणि लोकप्रतिनिधींची जबाबदारी : कोल्हापूरच्या संदर्भात)

एखाद्या देशातील निवडणुकीचा प्रचार, निकाल किंवा निकालावरचा लोकांचा विश्वास आपल्या सोयीने वळवण्यासाठी दुसऱ्या देशाच्या सरकारने, त्याच्या गुप्तहेर खात्याने अथवा त्यांच्या वतीने काम करणाऱ्या कंपन्यांनी केलेली ढवळाढवळ. छुपा पैसा, खोटी ओळख आणि चोरलेली माहिती ही तिची नेहमीची साधने. उघड धमक्या आणि उघड आश्वासनेही यात मोजावीत की नाही, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. राज्यशास्त्राचे अभ्यासक डव्ह लेविन यांनी ती मोजली. 1946 ते 2000 या काळात अमेरिका आणि सोव्हिएत संघ (पुढे रशिया) यांनी मिळून इतर देशांच्या राष्ट्रीय निवडणुकांत 117 वेळा हात घातल्याचे त्यांनी नोंदवले. त्यांपैकी 81 वेळा अमेरिकेने. लोकशाहीचे धडे देणारा देशच या यादीत वर आहे, हे विसरून या विषयावर बोलता येत नाही.

विषयाची दुसरी बाजू घरातली आहे. बाहेरचा पैसा घेणारा हात आपल्याच माणसाचा असतो, बाहेरून आलेली अफवा व्यासपीठावरून बोलून दाखवणारे तोंडही आपल्याच पुढाऱ्याचे असते. त्यामुळे हस्तक्षेप रोखण्याचा प्रश्न अखेर पुढाऱ्याला जाब विचारण्याच्या प्रश्नाशी येऊन ठेपतो. या नोंदीत दोन्ही एकत्र घेतले आहेत ते म्हणूनच.

‘जबाबदार’ या शब्दाचा कोल्हापुरी इतिहास

निवडणुका येण्याआधी कोल्हापुरात परक्यांचा हस्तक्षेप हाच रोजचा कारभार होता. ब्रिटिशांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या कारभाराला कंटाळून 1844 मध्ये सामानगड, भुदरगड येथील गडकऱ्यांनी (किल्ले राखणाऱ्यांनी) उठाव केला आणि तो मोडल्यावर इंग्रजांची पकड आणखी घट्ट झाली. चौथे शिवाजी महाराज यांना वेडसर ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. 1883 मध्ये ते तिथेच वारले. गादी छत्रपतींची आणि हुकूम दुसऱ्याचा, हे या शहराने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले.

1939 मध्ये भाई माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रजा परिषद उभी केली. तिची मागणी होती ‘जबाबदार राज्यपद्धती’ची. यातला ‘जबाबदार’ हा शब्द आज आपण सैलपणे वापरतो, पण तेव्हा त्याला नेमका अर्थ होता : कारभाऱ्याने वर दरबाराला किंवा रेसिडेंटाला (ब्रिटिश सरकारच्या प्रतिनिधीला) नव्हे, तर खाली प्रजेने निवडलेल्या माणसांना उत्तर द्यायचे. रत्नाप्पा पुढे संविधान सभेचे सदस्य झाले. 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर बागलांच्या पुढाकाराने 9 डिसेंबर 1950 रोजी बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. याच चौकात आजही जाहीर सभा होतात, आणि जिल्ह्यातल्या पुढाऱ्यावर आरोप झाला की ‘पुरावे घेऊन बिंदू चौकात या’ असे आव्हान दिले जाते. ते नेहमी पाळले जाते असे नाही. तरी हिशेब चारचौघांत, उघड्यावर मागायचा असतो, ही समज इथे खोल रुजली आहे.

परदेशांतील ठळक प्रकरणे

1948 च्या इटलीतील निवडणुकीत अमेरिकेच्या सीआयए या हेरखात्याने ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाला गुपचूप पैसा पुरवला. चिलीमध्ये 1964 ला हेच घडले. तिथला तपशील 1975 मध्ये अमेरिकी सिनेटच्याच, फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखालील चर्च समितीने बाहेर काढला. दुसऱ्यांच्या निवडणुकीत ढवळाढवळ करणाऱ्या देशाच्या संसदेने स्वतःच्या हेरखात्याला खडसावून विचारले, हा भाग हस्तक्षेपाइतकाच लक्षात ठेवण्याजोगा आहे.

2016 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत बाजू उलटली. रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या ‘इंटरनेट रिसर्च एजन्सी’ने अमेरिकी नागरिक असल्याचा आव आणून फेसबुकवर हजारो मजकूर टाकले, ते 12 कोटी 60 लाख लोकांपर्यंत पोहोचले असावेत, असा अंदाज खुद्द फेसबुकने दिला. रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्याने डेमोक्रॅटिक पक्षाचे ईमेल चोरून प्रसिद्ध करवले. विशेष वकील रॉबर्ट मुलर यांनी 2018 मध्ये आधी 13 रशियन व्यक्ती व 3 कंपन्यांवर आणि नंतर 12 लष्करी गुप्तचर अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. 2019 च्या त्यांच्या अहवालाने हस्तक्षेप व्यापक आणि पद्धतशीर असल्याचे म्हटले. ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने रशियाशी कट केल्याचे मात्र सिद्ध झाले नाही. तपासात अडथळा आणण्याच्या प्रसंगांची नोंद अहवालात होती, पण पदावरील अध्यक्षावर खटला भरायचा नाही असे न्यायखात्याचे धोरण असल्याने पुढचे काम काँग्रेसकडे गेले. हस्तक्षेप सिद्ध होणे आणि नेता दोषी ठरणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे या प्रकरणातून शिकण्यासारखे आहे. आपल्याकडच्या चर्चेत दोन्ही बाजू त्या सर्रास एकत्र करतात.

रुमानियात तर निवडणूकच रद्द झाली. 24 नोव्हेंबर 2024 रोजी अध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत कालिन जॉर्जेस्कू अनपेक्षितपणे पहिले आले. टिकटॉकवर त्यांचा प्रचार जोरात होता, पण निवडणूक खर्च त्यांनी शून्य दाखवला होता. यामागे रशियाचा हात असल्याचा संशय घेतला गेला आणि 6 डिसेंबरला घटनात्मक न्यायालयाने ती फेरी रद्द केली. मे 2025 मध्ये फेरनिवडणूक होऊन निकुशोर दान निवडून आले. लाखो लोकांनी टाकलेले मत रद्द करण्याइतके पुरावे जनतेपुढे आले नाहीत, अशी टीका तेव्हा झाली. प्रस्तुत लेखकाला ती टीका वजनदार वाटते. मत पुसायचे असेल तर पुरावाही मतदाराच्या हातात द्यायला हवा.

भारत : ‘परकीय हात’

शीतयुद्धाच्या काळात दोन्ही महासत्तांचा पैसा भारतीय राजकारणात आल्याचे आरोप आहेत. सीआयएने दोनदा काँग्रेसला पैसा दिल्याचे अमेरिकेचे माजी राजदूत डॅनियल मॉयनिहन यांनी 1978 मध्ये लिहिले. केजीबी या सोव्हिएत हेरखात्याबद्दलचे आरोप 2005 मध्ये त्याच खात्यातून फुटलेल्या मित्रोखिन यांच्या कागदपत्रांतून पुढे आले. आरोप झालेल्या पक्षांनी ते फेटाळले.

याच काळात इंदिरा गांधींनी ‘परकीय हात’ हा शब्दप्रयोग घरोघरी पोहोचवला. 12 जून 1975 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची निवडणूक रद्द ठरवली, ती सरकारी यंत्रणा वापरल्याबद्दल. परकीय शक्तीचा त्यात संबंध नव्हता. पुढे आणीबाणी आली, आणि परदेशी देणग्यांवर बंधन घालणारा पहिला कायदा 1976 मध्ये, आणीबाणी चालू असतानाच झाला. कायदा आवश्यकच होता. पण बाहेरच्या शत्रूकडे बोट दाखवले की घरातला प्रश्न मागे पडतो, हेही तेव्हा देशाने अनुभवले. हस्तक्षेपाचा खोटा किंवा फुगवलेला आरोप खऱ्या हस्तक्षेपाइतकेच लोकशाहीचे नुकसान करतो.

पैशाची वाट

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 मधील कलम 29-ब नुसार राजकीय पक्षाला परकीय स्रोताकडून देणगी घेता येत नाही. हे कलम स्पष्ट आहे. त्याचे पुढे काय झाले ते मात्र सावकाश वाचावे असे आहे.

28 मार्च 2014 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी एका परदेशी कंपनीच्या उपकंपन्यांकडून देणग्या घेऊन कायदा मोडला. कारवाई व्हायला हवी होती. त्याऐवजी 2016 च्या वित्त कायद्यात ‘परकीय स्रोत’ या शब्दाची व्याख्याच बदलली गेली, तीही 2010 पासून मागे जाऊन. पण देणग्या त्याआधीच्या होत्या. म्हणून 2018 च्या वित्त विधेयकात तारीख आणखी मागे, थेट 5 ऑगस्ट 1976 पर्यंत नेली. ते विधेयक लोकसभेत चर्चेविना, आवाजी मतदानाने मंजूर झाले. एरवी प्रत्येक प्रश्नावर भांडणाऱ्या पक्षांचे 42 वर्षांचे हिशेब एका दुरुस्तीत धुतले गेले. परकीय हस्तक्षेपाबद्दल आपल्या पुढाऱ्यांना खरोखर किती चाड आहे, याचे याहून स्वच्छ मोजमाप लेखकाला सापडलेले नाही.

देणगीदाराचे नाव गुप्त ठेवून पक्षाला पैसे देता येतील अशी निवडणूक रोख्यांची योजना याच सुमारास आली. कंपन्यांच्या देणग्यांवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली गेली. परकीय पैसा नावापुरत्या कंपन्यांतून पक्षांकडे येईल, असा इशारा निवडणूक आयोगाने मे 2017 मध्येच विधी मंत्रालयाला लेखी दिला होता. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी योजना घटनाबाह्य ठरवली आणि मार्चमध्ये देणगीदारांची नावे जाहीर झाली.

अफवेची वाट

1 एप्रिल 2019 रोजी, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, फेसबुकने पाकिस्तानी लष्कराच्या प्रसिद्धी विभागातील कर्मचाऱ्यांशी जोडलेली 103 पाने, गट व खाती काढून टाकली. त्याच दिवशी काँग्रेसच्या माहिती-तंत्रज्ञान कक्षाशी संबंधित व्यक्तींची 687 पाने व खाती आणि भाजपला अनुकूल मजकूर चालवणाऱ्या एका भारतीय कंपनीशी जोडलेली 15 पाने व खातीही गेली. खोटी ओळख घेऊन बोलायची युक्ती परक्यांची आणि घरच्यांची एकच होती.

मोबाइलवर असा मजकूर ओळखणे कठीण असते. तालमीच्या किंवा गल्लीच्या गटावर संदेश येतो तो ओळखीच्या नावाखाली, ‘फॉरवर्डेड’च्या बारीक अक्षरांसह. पाठवणारा आपला वर्गमित्र असतो. लिहिणारा कोण, कुठल्या देशात बसला आहे, हे त्यालाही ठाऊक नसते. मजकूर मराठीतच असतो, पण बारकाईने वाचले तर ‘आमचं’, ‘तुमचं’ लिहिणाऱ्या गावात अचानक पुस्तकी क्रियापदे दिसतात, गावाचे नाव नसते, तारीख नसते. 7 जून 2023 रोजी समाजमाध्यमांवरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून कोल्हापुरात जमाव रस्त्यावर आला, दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि इंटरनेट बंद करावे लागले. त्या घटनेचा परदेशाशी संबंध जोडण्याचे कारण नाही. राजर्षी शाहूंच्या शहरात मोबाइलच्या पडद्यावरचे काही शब्द काही तासांत काय करू शकतात, एवढे त्यातून दिसले, आणि बाहेरून भेगा शोधणाऱ्याला तेवढे पुरते.

निवडणूक काळात जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती जाहिराती तपासते आणि निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रार अ‍ॅपवरील तक्रारीवर 100 मिनिटांत कार्यवाही अपेक्षित असते. पैसेवाटप, विनापरवाना फलक यांना हे उपाय लागू पडतात. खासगी गटांत फिरणाऱ्या संदेशापर्यंत ते पोहोचत नाहीत.

यंत्र

लोकांच्या मनात पहिली शंका यंत्राची येते, म्हणून तपशील द्यायला हवा. मतदानयंत्र इंटरनेटला किंवा इतर कोणत्याही जाळ्याला जोडलेले नसते. दूर देशातून त्यात शिरता येत नाही. मत दिल्यावर शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेआड उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पडते. मोजणीच्या दिवशी प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रे चिठ्ठ्या टाकून निवडली जातात. कोल्हापूर लोकसभा मतदारसंघात चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर आणि कोल्हापूर उत्तर अशी सहा क्षेत्रे, म्हणजे 30 केंद्रे. बँकेच्या रोखपालासारख्या जाळीच्या कक्षात, उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या डोळ्यांदेखत, छोटे कागद उमेदवारागणिक खणांत पडत जातात, त्यांच्या गड्ड्या बांधल्या जातात आणि बेरीज यंत्राच्या आकड्याशी ताडली जाते. तासन्‌तास चालणारे कंटाळवाणे काम आहे हे. विश्वास असाच, मोजून मिळवावा लागतो.

जाब विचारण्याच्या जागा

प्रत्येक उमेदवाराला नमुना 26 मध्ये मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती शपथेवर द्यावी लागते. 2002 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हा हक्क मतदाराला मिळाला. 2013 मध्ये दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेल्या आमदार-खासदारांना अपिलाच्या आडून पद राखण्याची सवलत न्यायालयाने काढून घेतली. प्रतिज्ञापत्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या फलकावर आणि आयोगाच्या संकेतस्थळावर लागते. ते वाचणारे थोडे असतात, ही खंत आहे. मतदानाला मात्र हा जिल्हा कधी कमी पडत नाही : 2024 च्या विधानसभा निवडणुकीत करवीरमध्ये 84 टक्क्यांहून अधिक मतदान झाले.

न्यायालयाबाहेरची जागा रस्त्याची. प्रा. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या पुढाकाराने शहरातील टोलविरोधी आंदोलन वर्षानुवर्षे चालले, सरकार बदलले तरी थांबले नाही, आणि अखेर टोल गेला. उलट उदाहरणही इथलेच आहे. महापालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला; प्रभागातल्या नळाला पाणी आले नाही तर कोणा नगरसेवकाच्या दारात जायचे, हे त्या काळात कोल्हापूरकराला सांगता येत नव्हते. निवडणूकच झाली नाही तर तिच्यात ढवळाढवळ करायला परक्यांची गरज उरत नाही.

निकालाला आव्हान द्यायचे असेल तर विजयी उमेदवार जाहीर झाल्यापासून 45 दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करावी लागते. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते. त्यासाठी इथल्या वकिलांनी अनेक दशके आंदोलन केले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल 2024 च्या निर्णयाने दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना सात दिवसांत, शुल्क भरून, पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येते. चिन्हे भरण्यासाठी वापरलेली उपकरणेही किमान 45 दिवस मोहोरबंद ठेवावी लागतात. याचिका आली तर त्यांचा मुक्काम वाढतो.