फ्लॅश गॉर्डन: रीमेक वेगळा, कॉमिकवरून केलेला नवा सिनेमा वेगळा

कॉमिकमधला अंतराळातला साहसी नायक 'फ्लॅश गॉर्डन' याच्यावरच्या नव्या सिनेमाची चर्चा निघाली की चाहत्यांची दोन वाक्यं ठरलेली. "क्वीनच्या गाण्याशिवाय कसला फ्लॅश?" आणि "जुना भंगार होता, आता तरी नीट करा." (क्वीन म्हणजे 1980 च्या सिनेमाला संगीत देणारा रॉक बँड.) 2019 मध्ये दिग्दर्शक तायका वाइटिटीचं नाव पुढे आलं तेव्हाही मी हेच ऐकलं. दोघंही धरून चालतात की नवा सिनेमा म्हणजे 1980 च्या सिनेमाचा रीमेकच.

रीमेक म्हणजे काय, हे कुणाला सांगायला नको. घोळ होतो तो मूळ कोणतं यावर. फ्लॅश, त्याची प्रेयसी डेल, शास्त्रज्ञ झार्कॉव्ह, मोंगो ग्रहाचा जुलमी सम्राट मिंग, व्हल्टन ही सगळी मंडळी ॲलेक्स रेमंडच्या 1934 च्या वर्तमानपत्री कॉमिकमधली. आपल्याकडच्या कित्येकांना तर ती आधी इंद्रजाल कॉमिक्समध्येच भेटली. माइक हॉजेसचा 1980 चा सिनेमा आला तो 46 वर्षांनी. जॉर्ज लुकासला या कॉमिकवर सिनेमा करायचा होता; हक्क मिळाले नाहीत, तेव्हा त्याने 'स्टार वॉर्स' केला. लुकासचा फ्लॅश झाला असता तर तो हॉजेसच्या आधीच आला असता; त्याला हॉजेसचा रीमेक कोण म्हणालं असतं?

मग ओळखायचं कसं? फ्लॅश कोणता खेळ खेळतो ते बघा. रेमंडचा फ्लॅश पोलो खेळतो. हॉजेसचा फ्लॅश न्यूयॉर्क जेट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक आहे. म्हणूनच मिंगच्या दरबारात तो अंड्याच्या आकाराचा धातूचा गोळा काखोटीला मारून पहारेकऱ्यांना धडका देत सुटतो आणि डेल बाजूला उभी राहून "गो फ्लॅश गो" ओरडते. ही मारामारी त्या सिनेमाची स्वतःची. मिंगचं 'हॉट हेल' (तापलेल्या गारा) लिहिलेलं बटण, क्वीनचा ठोका, व्हल्टन झालेल्या ब्रायन ब्लेस्डचं छप्पर उडवणारं हसणं, डॅनिलो डोनाटीचे झगमगीत पोशाख, हेही तिथलंच. यातलं काही उचललंत तर रीमेक. फक्त रेमंडची पात्रं आणि मोंगो ग्रह घेतलात तर ते नवं रूपांतर, आणि त्याच्याकडे क्वीनचं गाणं मागायचा कुणालाही हक्क नाही.

जॉन कार्पेंटरच्या 1982 च्या 'द थिंग'लाही सर्रास 1951 च्या सिनेमाचा रीमेक म्हणतात. पण माणसाची हुबेहूब नक्कल करणारा जीव 1938 च्या मूळ कथेतला आहे; 1951 च्या सिनेमात तो नाहीच. कार्पेंटर कथेकडे परत गेला होता.

आणि 'भंगार' हा शब्द तर मला अजिबात सहन होत नाही. पटकथा लॉरेन्झो सेम्पलची, 1966 ची 'बॅटमॅन' मालिका ज्याने घडवली त्याची. भडकपणा ठरवून केलेला आहे. त्या सगळ्या झगमगाटात मॅक्स व्हॉन सिडो मिंग असा करतो, जणू शेक्सपिअरचा राजाच उभा आहे. हे पुन्हा जमवायला जाऊ नये. मला पोलो खेळणारा फ्लॅश हवा आहे.