पाऊण टक्का, पाव टक्का: सोसायटीच्या देखभालीचे नियम आले कुठून

सोसायटीच्या मासिक बिलात 'दुरुस्ती निधी' आणि 'सिंकिंग फंड' (इमारत पुन्हा बांधण्यासारख्या मोठ्या कामासाठी बाजूला ठेवायची रक्कम) अशा दोन ओळी असतात. बहुतेक सभासद थेट बेरीज पाहतात. वार्षिक सभेत वाद रंगतो तो पार्किंगवरून किंवा पाळीव कुत्र्यांवरून, या दोन ओळींबद्दल क्वचितच कोणी विचारतो. पण चाळीस वर्षांची इमारत सुरक्षित आहे की नाही, याचा बराचसा निकाल या दोन ओळींनीच लावलेला असतो. त्या आल्या कुठून आणि आज अपुऱ्या का पडतात, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

1896 च्या प्लेगनंतर मुंबईत दाट वस्तीचा आणि घरांचा प्रश्न ऐरणीवर आला, आणि 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सहकाराचा पहिला कायदा 1904 चा, पण तो फक्त पतपेढ्यांपुरता होता. 1912 च्या कायद्याने इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागल्या. त्याचा फायदा घेऊन रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1915 मध्ये गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. मुंबईतल्या सहकारी घरबांधणीची सुरुवात इथून धरतात.

सहकाराच्या नियमांत गृहनिर्माण संस्थांचे दोन मुख्य प्रकार ठरले. 'भाडेकरू मालकी' प्रकारात जमीन संस्थेची आणि वरचे घर सभासदाचे. 'भाडेकरू सहभागीदारी' प्रकारात जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेची, सभासदाकडे भागभांडवल आणि गाळ्यात राहण्याचा हक्क. फ्लॅटच्या बहुतेक सोसायट्या या दुसऱ्या प्रकारात येतात. कॉलम, बीम, स्लॅब, बाहेरच्या भिंती, गच्ची, जिना हे सगळे संस्थेचे, म्हणून त्यांची दुरुस्तीही संस्थेचीच. वरच्या मजल्याच्या छतातून पावसाचे पाणी गळले तर तो खर्च सोसायटीने करायचा, त्या गळतीने खराब झालेले छताचे प्लास्टरसुद्धा, असे आदर्श उपविधी (सोसायट्यांसाठीची सरकारी नमुना नियमावली) स्पष्ट सांगतात. वरच्याच्या मोरीतून खालच्याकडे पाणी झिरपत असेल तर मात्र तो त्या सभासदाचा खर्च. गळती कशाची हे न शोधताच भांडण सुरू होते आणि दोन पावसाळे वाया जातात. तपासणी साधी आहे: मोरीचा निचरा बंद करून रंग मिसळलेले पाणी 24 ते 48 तास साठवून ठेवायचे आणि खालच्या छतावर तो रंग उमटतो का ते पाहायचे.

याच काळात भाड्याच्या इमारतींचे उलटे घडत होते. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. भाड्यातून दुरुस्ती परवडेना, घरमालकांनी हात आखडते घेतले, इमारती कोसळू लागल्या. म्हणून 1969 च्या कायद्याने शहर भागातल्या जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्ती मंडळ आणले, जे पुढे म्हाडात गेले. त्यानंतर बांधलेल्या इमारतींना हे छत्र नाही. त्यांच्या सोसायट्यांसाठी दुरुस्ती मंडळ म्हणजे त्यांची स्वतःची सर्वसाधारण सभा.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 चा. मालकी हक्काच्या फ्लॅटचे पेव फुटले, बिल्डरांचे गैरव्यवहार वाढले, म्हणून 1963 मध्ये मोफा, म्हणजे महाराष्ट्र मालकी हक्क फ्लॅट कायदा, आला. सोसायटी स्थापन करून जमीन आणि इमारत तिच्या नावे करून देणे ही बिल्डरची जबाबदारी ठरली. हजारो बिल्डरांनी ती पाळली नाही. 2008 च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली, म्हणजे बिल्डर पुढे आला नाही तरी सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाने मालकी सोसायटीकडे येऊ शकते. हा विषय पुनर्विकासापुरता नाही. जमिनीची मालकी स्पष्ट नसलेल्या सोसायटीला मोठ्या दुरुस्तीसाठी कर्ज उभे करणेही जड जाते.

1970 चा अपार्टमेंट मालकी कायदा ही वेगळी वाट आहे. पुण्यात अशा अपार्टमेंटची संख्या मोठी आहे. तिथे फ्लॅट मालकाचा आणि सामाईक भागात त्याचा ठरावीक टक्के अविभक्त हिस्सा असतो. सामाईक खर्च त्या टक्क्यानुसार वाटायचा. सोसायटीत मात्र वॉचमन, सफाई, जिन्याचे दिवे यांचा सेवा खर्च सर्व फ्लॅटना समान, लिफ्टचा खर्च तळमजल्यासह सर्वांना समान आणि पाणी नळांच्या संख्येवर. आपली नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे हे आधी पाहावे, मग बिलावर वाद घालावा.

आता त्या दोन ओळी. आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का. बांधकाम खर्च म्हणजे बांधतेवेळी आलेला, वास्तुविशारदाने प्रमाणित केलेला, जमिनीची किंमत वगळून. सगळा घोळ 'बांधतेवेळी' या शब्दात आहे.

उदाहरण घेऊ. 1984 ची इमारत, 16 फ्लॅट, प्रत्येकी 600 चौरस फूट, बांधकाम 200 रुपये चौरस फूट. एका फ्लॅटचा बांधकाम खर्च 1,20,000 रुपये. पाव टक्का म्हणजे वर्षाला 300, महिन्याला 25 रुपये. पाऊण टक्का म्हणजे महिन्याला 75 रुपये. पहिल्या वर्षापासून एकही हप्ता न चुकता सिंकिंग फंड जमला तर इमारतीचे वर्षाला 4,800 रुपये होतात. दरसाल 8 टक्के चक्रवाढ धरली तर 40 वर्षांत सुमारे साडेबारा लाख. तीच 9,600 चौरस फुटांची इमारत आज 2,500 रुपये दराने बांधायची तर 2 कोटी 40 लाख लागतील. जमा रक्कम त्याच्या वीस हिश्शांपैकी जेमतेम एक. हिशेबात कुठेही अफरातफर नाही, खजिनदार प्रामाणिक आहे, तरी तिजोरी रिकामी.

उपविधीत 'किमान' म्हटले आहे. सर्वसाधारण सभा याहून जास्त दर ठरवू शकते, आणि मोठ्या दुरुस्तीसाठी क्षेत्रफळाच्या प्रमाणात वेगळा निधीही उभारू शकते. व्यवहारात किमान आकडाच कायमचा आकडा होऊन बसतो, कारण बिल वाढवणारी समिती पुढच्या निवडणुकीत पडते.

मुंबई, ठाणे आणि आसपास 1970 आणि 80 च्या दशकांत उभ्या राहिलेल्या इमारतींची आणखी एक अडचण आहे. सिमेंटवर तेव्हा सरकारी नियंत्रण होते. 1982 मध्ये ते अंशतः आणि 1989 मध्ये पूर्ण उठले. टंचाईच्या वर्षांत सिमेंट कमी पडे, खाडीची रेती नीट न धुता वापरली जाई. रेतीतले क्षार काँक्रीटमध्ये राहिले.

काँक्रीट ताजे असते तेव्हा त्याचा पीएच साडेबाराच्या वर असतो आणि त्या अल्कलीमुळे आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, पीएच खाली येतो; यालाच कार्बोनेशन म्हणतात. स्लॅबच्या सळईवर काँक्रीटचे कव्हर 15-20 मिलिमीटर, निष्काळजी कामात त्याहून कमी. कार्बोनेशन सळईपर्यंत पोचले, त्यात क्षार आणि ओल मिळाली, की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटते. बाहेर दिसते ती सळईच्या रेषेत गेलेली सरळ चीर, तिच्या कडेला तांबूस डाग, आणि हातोडीने हलके ठोकले तर पोकळ आवाज. पोपडे पडतात तेव्हा सळईचा बराच भाग खाल्ला गेलेला असतो.

इथे सर्वात महागडी चूक होते. पोपडे काढून वरून सिमेंटचा गिलावा आणि रंग केला जातो. वर्षभर छान दिसते, आत गंज चालूच. योग्य क्रम असा: सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत फोडणे, सळई चकचकीत होईपर्यंत साफ करणे, जास्त झिजली असेल तर जोडसळई टाकणे, गंजरोधक लेप, बाँड कोट (जुन्या-नव्या थरांना जोडणारा लेप), मग पॉलिमर मॉर्टर, आणि कॉलमला गरज असेल तिथे साचा लावून मायक्रोकाँक्रीट. फोडण्याआधी बीम-स्लॅबला टेकू दिलेच पाहिजेत.

दुसरी चूक गच्चीवर होते. गळती थांबेना म्हणून जुन्या ब्रिकबॅट कोब्यावर (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) नवा कोबा. चार इंचांच्या थराचे वजन चौरस मीटरला साधारण 200 किलो. 100 चौरस मीटरच्या गच्चीवर म्हणजे 20 टन, आणि ते कमकुवत झालेल्या कॉलमवर. जुना थर काढून स्लॅबपर्यंत जायला खर्च येतो, पण दुसरा सुरक्षित मार्ग नाही.

25 जुलै 2017 रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली चार मजली इमारत कोसळून 17 जणांचा जीव गेला. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होते. फ्लॅटच्या आतला कॉलमसुद्धा संस्थेचा असतो, ही गावदेवीपासूनची गोष्ट इथे जीवन-मरणाची ठरते. सभासदाने अंतर्गत कामाची परवानगी मागितली तर समितीने नकाशावर कॉलम-बीम खुणा करून घ्यावेत, आणि काम चालू असताना प्रत्यक्ष पाहावे.

स्ट्रक्चरल ऑडिट आज दोन नियमांनी येते. उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा, 30 वर्षांवरच्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 353 ब नुसार 30 वर्षे झाल्यावर नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी बंधनकारक, पुढे दर दहा वर्षांनी. निष्कर्षावरून सी-1 (रिकामी करून पाडावी), सी-2ए (रिकामी करून मोठी दुरुस्ती), सी-2बी (रिकामी न करता दुरुस्ती) आणि सी-3 (किरकोळ दुरुस्ती) अशी वर्गवारी होते.

नुसते फोटो लावलेला अहवाल घेऊ नये. अल्ट्रासॉनिक वेगाची चाचणी (सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर ठीक, तीनच्या खाली शंकास्पद), सळईच्या गंजाचा अंदाज देणारी हाफ-सेल चाचणी (वजा 350 मिलिव्होल्टच्या पलीकडे गंजाची शक्यता फार मोठी), कोअर (काँक्रीटचा दंडगोल नमुना) काढून दाबाची ताकद आणि फिनॉल्फ्थॅलिन, हे सर्व हवे. ताज्या फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलिन लावले की निरोगी काँक्रीट गुलाबी होते, कार्बोनेशन झालेले रंगहीन राहते. समितीच्या सदस्यांनी ही एक चाचणी उभे राहून बघावी.

हाच प्रश्न परदेशातही आला. अमेरिकेत मायामीजवळच्या सर्फसाइड इथे 1981 मध्ये बांधलेली 12 मजली इमारत 24 जून 2021 रोजी कोसळली, 98 जण गेले. तिथल्या मालकसंघाची राखीव गंगाजळी दुरुस्तीच्या अंदाजपत्रकापुढे नगण्य होती. 2022 मध्ये फ्लोरिडाने तीन मजली आणि त्याहून उंच इमारतींना ठरावीक वयानंतर तपासणी आणि दर दहा वर्षांनी फेरतपासणी सक्तीची केली. शिवाय कोणत्या भागाचे किती आयुष्य उरले आणि त्याला किती पैसा लागेल याचा हिशेब करून राखीव निधी ठेवणेही बंधनकारक केले. आपल्याकडे तपासणीची सक्ती आहे, पण निधी अजून बांधतेवेळच्या खर्चाला बांधलेला.

आगीचे नियम उशिरा आले. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 चा. परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, यंत्रणा चालू असल्याचे नमुना ब प्रमाणपत्र द्यायचे असते. सही घेण्यापूर्वी सर्वात वरच्या मजल्यावरचा हायड्रंट उघडावा. दाब पडताच पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. होत नसेल तर बहुधा पॅनेल 'मॅन्युअल'वर असते, किंवा आगीची टाकी घरगुती पाण्यासाठी वापरून रिकामी झालेली असते. पितळी नोझल चोरीला गेलेले सापडणे हेही नेहमीचे.

लिफ्टचा पहिला कायदा मात्र खूप जुना, 1939 चा; त्याच्या जागी आणलेला नवा कायदा 2017 चा. वॉचमनसाठी 1981 चा सुरक्षा रक्षक कायदा आणि 2005 चा खासगी सुरक्षा एजन्सी कायदा. एजन्सीचा परवाना आणि रक्षकाची पोलीस पडताळणी या दोन कागदांची प्रत सोसायटीच्या फायलीत असावी.

2019 मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी 154 ब या कलमांचे स्वतंत्र प्रकरण आले, त्यात थकबाकी वसुलीची तरतूदही आहे. नव्या इमारतींना रेराचा (स्थावर संपदा नियमन कायद्याचा) आधार आहे: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष लेखी कळवला तर बिल्डरने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा. गळतीची तारीखवार नोंद आणि फोटो पहिल्या पावसाळ्यापासून ठेवावे लागतात, कारण पाच वर्षे संपल्यावर त्या गळतीचा खर्चही सोसायटीवरच येतो.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरपूर्वी, 14 पूर्ण दिवसांच्या नोटिशीने. विषयपत्रिकेत एक विषय जादा घालता येतो: इंजिनिअरकडून गच्ची, बाह्य गिलावा, पाण्याच्या टाक्या, पाइप आणि लिफ्ट यांचे उरलेले आयुष्य आणि आजचा खर्च लिहून घेणे, त्या खर्चाला उरलेल्या वर्षांनी भागणे आणि तो आकडा मोठ्या दुरुस्तीच्या निधीचा दर म्हणून मंजूर करणे. वरच्या उदाहरणातल्या 16 फ्लॅटच्या इमारतीला पुढच्या दहा वर्षांत 48 लाखांचे काम निघाले, तर फ्लॅटमागे महिन्याला अडीच हजार रुपये होतात. आज तिथे दोन्ही ओळी मिळून 100 रुपये जमतात.