शेतात रिसॉर्ट बांधले म्हणजे कृषी पर्यटन होत नाही

डिसेंबर लागला की सोलापुरातून बाहेर पडणाऱ्या पुणे, हैदराबाद, विजापूर आणि तुळजापूर या चारही रस्त्यांच्या कडेला हुरडा पार्टीचे फलक दिसू लागतात आणि त्यांतल्या कितीतरी फलकांवर ‘कृषी पर्यटन केंद्र’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. आत गेल्यावर पोहण्याचा तलाव, हिरवळ, सिमेंटची बैलजोडी आणि कर्णे लावलेले व्यासपीठ दिसते. ज्वारी दिसतेच तर कुंपणालगतच्या चार ओळींत. अशी जागा चालवण्यात गैर काही नाही. ते रिसॉर्ट आहे आणि त्याने स्वतःला रिसॉर्ट म्हणावे, एवढेच मागणे आहे. या नावाच्या गोंधळाचा फटका पर्यटकाला बसत नाही, त्याचा रविवार चांगला जातो. फटका बसतो तो शेजारच्या तीन एकरवाल्याला, कारण समोरचे पाहून ‘कृषी पर्यटन म्हणजे हे’ अशी त्याची समजूत होते आणि एक तर तो कर्ज काढून खोल्या बांधतो किंवा ‘हे आपल्या आवाक्यातले नाही’ म्हणून विषयच सोडून देतो.

रिसॉर्ट सर्वांच्या परिचयाचे आहे, त्यामुळे त्याबद्दल फार सांगण्याची गरज नाही: जागा, खोल्या, जेवण, करमणूक आणि त्यांचे भाडे. राहण्याची सोय आहे की नाही, चुलीवरची भाकरी मिळते की गॅसवरची, बैलगाडीची फेरी आहे की ट्रॅक्टरची, यावरून लोक रिसॉर्ट आणि कृषी पर्यटन यांतला फरक सांगतात. पण हे सारे दोन्हीकडे असू शकते, म्हणून ते फरक किरकोळ आहेत. नोंदणीचा मुद्दाही थोडक्यात सांगतो. राज्य सरकारचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. त्यानुसार नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते आणि वैयक्तिक शेतकऱ्याकडे किमान एक एकर शेतजमीन असावी लागते. एक एकर ही अट मुद्दाम लक्षात ठेवावी, कारण ‘यासाठी दहा-वीस एकर लागतात’ हे वाक्य मी गावोगावी ऐकले आहे आणि ते चुकीचे आहे.

खरा फरक असा आहे की कृषी पर्यटनात पाहुणा हा शेताचा गिऱ्हाईक असतो, तर रिसॉर्टमध्ये शेत ही पाहुण्यासाठी केलेली सजावट असते. ओळखायचे कसे, तर दोन प्रश्न विचारावेत. उद्या पाहुणे येणे थांबले, तर हे शेत चालू राहील का? आणि उद्या हे शेत पडीक पडले, तर ही जागा चालू राहील का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ आले, तर ते कृषी पर्यटन. उत्तरे उलट आली, तर फलकावर काहीही लिहिलेले असो, ते रिसॉर्ट. २०२० च्या टाळेबंदीत ही कसोटी आपोआप लागली. पाहुणे कुठेच नव्हते; पण ज्याचे रान पेरलेले होते त्याच्या घरात धान्य आणि दावणीला कडबा आला, आणि ज्याने रान मोडून खोल्या बांधल्या होत्या त्याच्याकडे बँकेचा हप्ता राहिला.

हा फरक हुरड्यावर सर्वांत स्पष्ट दिसतो. रब्बी ज्वारीची पेरणी आपल्याकडे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते आणि साधारण तीन महिन्यांनी दाणा चिकातून हुरड्यात येतो. एका तुकड्यातला हुरडा खाण्याजोगा राहतो तो जेमतेम आठवडाभर. पुढे दाणा टणक होतो आणि त्याची गोडी जाते. म्हणून पाहुण्यांचा विचार करणारा शेतकरी सगळे रान एकदम पेरत नाही. पाच-सात गुंठ्यांचे तुकडे पाडून आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरतो, आणि त्यासाठी मालदांडी या भाकरीच्या ज्वारीच्या नेहमीच्या वाणाऐवजी गूळभेंडी किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले उत्तरा, फुले मधुर असे हुरड्याचे वाण निवडतो, कारण त्यांचा दाणा गोड असतो आणि कणसातून सहज सुटतो. बाकीच्या रानात मालदांडी असतेच, कारण वर्षाची भाकरी आणि जनावरांचा कडबा तिच्यावर आहे. याचा अर्थ असा की केंद्राचे वेळापत्रक पेरणीच्या दिवशीच ठरते. तुकडा हुरड्यात आला नसेल, तर फोनवरच्या माणसाला ‘या रविवारी नको, पुढच्या रविवारी या’ असे सांगावे लागते. रिसॉर्टला हे कधी सांगावे लागत नाही. बुकिंग आले की बाजारातून हुरडा आणला जातो.

उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका साडेतीन एकरांच्या शेतावर मी गेल्या हंगामात एक दिवस होतो. तिथे आगटी म्हणजे बांधाजवळ खणलेला हातभर खड्डा होता आणि त्यात गोवऱ्यांचे निखारे होते. घरची म्हातारी आजी कणसे निखाऱ्यांत खुपसत होती, दर थोड्या वेळाने फिरवत होती आणि काढलेले कणीस गरम असतानाच तळव्यांवर चोळून सुपात दाणे पाडत होती. मी चोळायला घेतले, तेव्हा निम्मे दाणे फुटले. ‘हात भाजू द्या, मग येतंय,’ असे त्या म्हणाल्या. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही होते, आणि शेंगा त्याच शेतातल्या होत्या. कणसे काढून उरलेली ज्वारीची हिरवी धाटे संध्याकाळी गोठ्यात गेली. निघताना पाहुण्यांनी चटणी, ज्वारीचे पीठ आणि डाळिंबे विकत घेतली.

ते विकत घेणे, हे या धंद्याचे मर्म आहे. मालदांडीचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ३,४२१ रुपये, म्हणजे किलोला सुमारे ३४ रुपये होता. तीच ज्वारी कणसात असताना आगटीवर गेली किंवा दळून पिशवीत भरली, तर तिचा भाव शेतकरी ठरवतो, अडत, हमाली आणि वाहतूक वाचते, आणि ‘मंगळवेढा ज्वारी’ किंवा ‘सोलापूर डाळिंब’ ही भौगोलिक मानांकन मिळालेली नावे ज्यांच्या भागातली आहेत त्यांना त्या नावाचा फायदा प्रथमच थेट मिळतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यातले सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. एवढ्या रानात पीक वाढवून उत्पन्न वाढण्याला मर्यादा आहे. तेच पीक कोणाला आणि कुठे विकले जाते, हे मात्र बदलता येते.

पोहण्याच्या तलावाबद्दल माझे मत ठाम आहे. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात बोअर आटतात आणि डाळिंबाची बाग टँकरने जगवावी लागते, तिथे छोट्या शेतकऱ्याने तलाव बांधू नये. तो पैसा शेततळ्याला, ठिबकला आणि दोन स्वच्छ शौचालयांना लावावा. शौचालयावर मात्र काटकसर करू नये, कारण शहरातले कुटुंब पुन्हा यायचे की नाही हे तिथेच ठरवते. पनीरची भाजीही ठेवू नये. पाहुण्याला शेतात नेऊन जेवू घालण्याची रीत आपल्याला नवी नाही. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागात वेळा अमावस्येला भज्जी, उंडे, आंबील घेऊन सगळे गाव रानात असते. त्या ताटात जे आहे, तेच पाहुण्याला हवे असते.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरली जात नाही. तीस पाहुण्यांच्या भाकऱ्या घरातल्या बाया थापतात, आणि ‘घरचेच माणूस’ म्हणून त्यांची मजुरी कुणी लिहीत नाही. रिसॉर्टचा आचारी पगार घेतो. घरच्या बाईच्या कामाची रक्कम वहीत वेगळी लिहून तिच्या खात्यावर जमा झाल्याशिवाय नफा किती झाला, हे कळणारच नाही. आणि ती ‘या आठवड्यात जमणार नाही’ म्हणाली, तर त्या आठवड्यात पाहुणे घेऊ नयेत.

म्हणून पहिल्या हंगामात काहीही बांधू नये, फक्त दिवसभराचे पाहुणे घ्यावेत, तेही वीस-पंचवीसच्या आत, आणि त्यांनी किती खाल्ले यापेक्षा जाताना काय विकत नेले ते लिहून ठेवावे. फेब्रुवारीअखेर ज्वारी काढणीला येते. त्या वर्षीचे पाहुणे तिथे थांबवावेत, कारण त्या पंधरवड्यात घरातल्या प्रत्येकाचा हात काढणीला लागतो.